डिझेलविना जनरेटर बघायला जाताना पिशवीत काय घ्यावं

ऑक्टोबर छाटणी चालू होती तेव्हा दादाचा फोन आला. "अगं, एक व्हिडिओ पाठवलाय. तू लाईटीचं शिकवतीस ना पोरांना, बघ आणि सांग." व्हिडिओत एक मोटर, तिच्यावरून पट्टा, पट्ट्यावर एक जाडजूड लोखंडी चाक, चाकाला जोडलेला अल्टरनेटर (फिरवला की वीज देणारं यंत्र) आणि समोर बल्बांचा बोर्ड. सुरुवातीला मोटर बाहेरच्या विजेवर फिरवतात, मग वायर काढून टाकतात, आणि अल्टरनेटरच स्वतःच्या मोटरला वीज देऊन वर बोर्डही पेटता ठेवतो, असा दावा. १० केव्हीएचं (म्हणजे जास्तीत जास्त दहा हजार वॅटचं) मशीन, किंमत २ लाख ८० हजार, निम्मे पैसे आगाऊ.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला शिल्पनिदेशक आहे, १८ वर्षं झाली. असा व्हिडिओ दर बॅचला कोणीतरी घेऊन येतंच. पण या वेळी पैसे घरचे होते. आणि दादाला ते मशीन का हवं होतं, हे मला पक्कं माहीत होतं. शेतीला थ्री-फेज मिळते ती ठरावीक तास, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की तो बॅटरी आणि काठी घेऊन दोन वाजता मोटर चालू करायला जातो. बांधावर नाग निघालेला त्याने एकदा नाही, तीनदा पाहिलाय. अशा माणसाला "असलं काही नसतं" एवढंच सांगून फोन ठेवणं मला जमलं नाही. मी म्हटलं, "बघायला जाऊ. पण माझ्या पद्धतीनं."

ती पद्धत इथे लिहिते. हातात कोणतंही 'नवं' ऊर्जा यंत्र येऊ दे, पाण्यावर चालणारी गाडी असो, चुंबकाची मोटर असो की बिल निम्मं करणारी डबी, ती लागू पडते.

घरून निघायच्या आधी

पहिलं काम कागद-पेन्सिलीचं. दावा एका ओळीत लिहा आणि त्यात दोनच आकडे बसवा: आत किती वॅट जातात, बाहेर किती वॅट येतात. विकणारे सहसा व्होल्ट सांगतात, आरपीएम सांगतात, केव्हीए सांगतात. "आउटपुटला ४४० व्होल्ट येतात मॅडम!" येतील की. व्होल्ट म्हणजे टाकीची उंची झाली. नळातून तासाला किती पाणी पडतं ते उंचीवरून कळत नाही. वॅट सांगायला लावा, आणि ते किती तास मिळतात ते विचारा. वॅट गुणिले तास, भागिले हजार, म्हणजे युनिट, ज्याचं आपण बिल भरतो.

दादाच्या मशीनचं गणित मी असं मांडलं. एक एचपीची मोटर पूर्ण भारावर शाफ्टला ७४६ वॅट देते, आणि त्यासाठी स्वतः साधारण ९५० वॅट खाते. पट्ट्यात पाचेक टक्के जातात. छोटा अल्टरनेटर चांगला असला तर आलेल्यातले ८० टक्के विजेत परत देतो. हाती उरले ५६५ च्या आसपास. ९५० घालून ५६५ मिळाले, आणि त्या ५६५ मध्ये परत ९५० ची मोटर चालवायची आहे. बोर्डावरचे बल्ब अजून बाजूलाच आहेत.

मग मध्ये ते चाक कशाला? व्हिडिओतला माणूस म्हणतो, सगळी ताकद चाकातच आहे. चाकात ऊर्जा साठते हे खरं आहे, आणि किती साठते हे मोजताही येतं. ५० किलोचं, दोन फूट व्यासाचं भरीव चाक मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल तर त्यात सुमारे २८ हजार ज्यूल असतात. आकडा मोठा वाटतो. एक किलोवॅटचा भार लावला तर तो २८ सेकंदांत संपतो. दादाचा पाच एचपीचा पंप, जो साडेचार किलोवॅटच्या आसपास घेतो, तो त्या चाकावर सहा सेकंद चालेल. आणि ते २८ हजार ज्यूलही आधी मोटरनंच भरलेले असतात. चाक धक्के सावरतं, प्रेसमध्ये आणि डिझेल इंजिनात त्याचं ते काम फार मोलाचं आहे, पण पदरची ऊर्जा ते घालत नाही. दादाला मी फोनवर एवढंच सांगितलं: सहा सेकंद. तो बराच वेळ गप्प होता.

ही ओढ आजची नाही. आपल्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'स्वयंवह' यंत्राचं वर्णन केलंय: चाकाच्या पोकळ आऱ्यांमध्ये अर्धा पारा भरायचा, म्हणजे एका बाजूला पारा कडेकडे सरकतो आणि चाक आपोआप फिरत राहतं. चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख आहे, तिथे मी मुलांची सहल नेली होती आणि या चाकाचा विषय तिथेच काढला. एका बाजूचा पारा आसापासून लांब असतो हे बरोबर, पण दुसऱ्या बाजूला पारा जास्त जमतो. लांबी गुणिले वजन दोन्हीकडे सारखं होतं आणि चाक थांबतं. इतक्या मोठ्या गणितज्ञाला जे खरं वाटलं, ते आज एखाद्या शेतकऱ्याला किंवा विद्यार्थ्याला वाटलं तर त्याला मूर्ख म्हणू नये. भास्कराचार्यांच्या काळी ऊर्जेचा जमाखर्च मांडायची रीतच नव्हती. ती एकोणिसाव्या शतकात आली, आणि तेव्हापासून एकही चाक त्या जमाखर्चाबाहेर गेलेलं नाही.

सौर यंत्रांना याच कागदावर तपासता येतं. ऐन दुपारी स्वच्छ उन्हात एक चौरस मीटरवर साधारण १,००० वॅट पडतात आणि चांगलं पॅनल त्यातले २०० ते २२० वॅट विजेत आणतं. वहीच्या पानाएवढ्या पॅनलवर मुळात ऊनच ६० वॅटचं पडतं. त्यावर कोणी एक एचपीचा पंप चालवून दाखवत असेल तर पंपाची दुसरी वायर शोधायची. पाण्यावर गाडी चालवण्याचंही तेच. पाणी फोडून हायड्रोजन काढायला जितकी ऊर्जा लागते, तितकीच तो जळून परत पाणी होताना देतो. पाणी म्हणजे आधीच जळून झालेला हायड्रोजन. राख पुन्हा पेटवण्यासारखं आहे ते.

पिशवी

कागदावर दावा कोसळला तरी मी बघायला गेले, कारण दादाला ते माझ्या कागदावर नाही, त्याच्या डोळ्यांनी दिसायला हवं होतं. पिशवीत घेतलं ते असं: एसी आणि डीसी दोन्ही मोजणारा टाँग टेस्टर (तारेभोवती जबडा धरून अँपिअर मोजायचा मीटर), लाकडी फळीवर बसवलेला सब-मीटर (एका बाजूला टॉप, दुसऱ्या बाजूला सॉकेट), पाणी तापवायचा १,५०० वॅटचा रॉड, प्लॅस्टिकची बादली, लॅबमधला काचेचा थर्मामीटर, वही. आणि दोघांचा डबा, कारण थांबायची तयारी दाखवली नाही तर अर्धी परीक्षा तिथेच बुडते.

एमआयडीसीतल्या भाड्याच्या गाळ्यात मशीन होतं. दाखवणारा तरुण मुलगा नम्र होता, चहा मागवला. मशीन सुरू केलं, वायर काढली, बोर्डावर दहा बल्ब पेटलेले राहिले. बाजूला बसलेल्या दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. दादा माझ्याकडे बघत होता.

मी आधी बल्ब बघितले. नऊ-नऊ वॅटचे एलईडी. दहा बल्ब म्हणजे ९० वॅट. १० केव्हीएच्या मशीनवर एका जुन्या पंख्यापेक्षा थोडाच जास्त भार. बल्ब किती उजळ आहेत यावरून काही ठरवू नका. एलईडी थोडक्यात भागवतो आणि डोळ्याला फरक कळत नाही.

मग मशीनच्या चौकटीत खाली बसवलेली १२ व्होल्टची, १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी बघितली. "ती फक्त स्टार्टिंगला," मुलगा म्हणाला. मी विचारलं, केबलवर टाँग टेस्टर लावला तर चालेल का? त्याला त्यात धोका वाटला नसावा. डीसीवर ठेवून जबडा लाल केबलभोवती धरला. २४ अँपिअर, आणि बाण बॅटरीकडून मशीनकडे. मशीन बॅटरी भरत असतं तर बाण उलटा दिसला असता. २४ गुणिले १२, म्हणजे २८८ वॅट बॅटरीतून बाहेर पडत होते. त्यातले ९० बल्बांना, उरलेले पट्टा, बेअरिंग आणि चाकाचा वारा खात होते. १५० एएचच्या भरलेल्या बॅटरीत १,८०० वॅट-तास असतात. त्या हिशेबानं हा खेळ आरामात चार-पाच तास चालला असता. दाखवणं होतं २० मिनिटांचं. मी दादाला टाँग टेस्टर धरायला दिला आणि म्हटलं, "तूच वाच." त्याने आकडा दोनदा मोठ्याने वाचला.

रॉड लावू का विचारल्यावर उत्तर आलं की हा डेमो पीस आहे, लोडचं मशीन ऑर्डरवर बनतं. बॅटरी काढायला सांगितल्यावर म्हणाला, काढली की एक्साइटेशन, म्हणजे अल्टरनेटरच्या चुंबकाला लागणारी वीज, जातं. तो मुलगा पगारी होता, त्याला खरंच तसं शिकवलेलं असावं. मी त्याच्याशी वाद घातला नाही.

इथे दोन गोष्टी सांगायच्या आहेत, त्या नीट वाचा, कारण तुमच्या समोरचं मशीन याहून चलाख असू शकतं.

एक म्हणजे वेळ. किती वेळ चालवून बघायचं, याचा नेमका हिशेब असतो. अख्खं मशीन, चाक-चौकटीसकट, म्हणजे एक लिथियमची बॅटरीच आहे असं धरा. चांगल्या लिथियम बॅटरीत किलोमागे २५० वॅट-तासांच्या आसपास मावतात. २०० किलोचं मशीन असेल तर जास्तीत जास्त ५० युनिट. दोन किलोवॅटचा खरा भार लावला तर ते २५ तासांत संपतील. म्हणून तिथे तीन दिवस-रात्र अखंड चाचणी मागायची: १४४ युनिट बाहेर यायला हवेत आणि सब-मीटरवर ते दिसायला हवेत. मशीनमध्ये काय दडवलंय, हे मग शोधायची गरजच उरत नाही. उघडून दाखवा म्हणायचंही कारण नाही. "आमचं गुपित आहे" म्हणणाऱ्याला खुशाल गुपित ठेवू द्या. मात्र आत टाकी असायची शक्यता असेल तर हा हिशेब पुरत नाही. डिझेलमध्ये लिथियमपेक्षा किलोमागे कितीतरी जास्त ऊर्जा मावते. पण डिझेलला धूर आणि आवाज येतो, तो आवरणं कठीण.

दुसरी, जागा. चाचणी त्यांच्या गाळ्यात नको, तुमच्या शेतात घ्या, खांबापासून लांब, मशीन कोरड्या लाकडी ओंडक्यांवर ठेवून, अर्थची तारसुद्धा न जोडता. वीज एका वायरनं आणि जमिनीतूनही आणता येते. १८१३ मध्ये न्यूयॉर्कला चार्ल्स रेडहेफर नावाचा माणूस पैसे घेऊन स्वयंचलित यंत्र दाखवत होता. वाफेच्या बोटीसाठी ज्याचं नाव झालं तो रॉबर्ट फुल्टन बघायला गेला. यंत्र एका लयीत फिरत नाही, दर फेऱ्यात जरा जोर घेतं आणि जरा सैल पडतं, हे त्याच्या कानाला जाणवलं. हातानं हँडल फिरवल्यावर असं होतं. त्याने बाजूच्या पट्ट्या उखडल्या, तर आतड्याच्या तातेचा पट्टा भिंतीतून माळ्यावर गेलेला, आणि माळ्यावर एक म्हातारा एका हातानं हँडल फिरवत पाव चावत बसलेला. फुल्टननं यंत्राचा आवाज ऐकला, हे मला मुलांना सांगायला फार आवडतं. मशीनजवळ गप्पा बंद करून पाच मिनिटं नुसतं ऐका.

बादली

मीटर फसवता येतो. साध्या टाँग टेस्टरला तर फार सहज, ते पुढे सांगते. गरम पाणी फसवता येत नाही. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला जवळपास ४,२०० ज्यूल लागतात. बादलीत मोजून १५ लिटर पाणी घ्या, तापमान टिपा, मशीनवर १,५०० वॅटचा रॉड लावा, अर्ध्या तासानं बंद करा, पाणी हलवा, पुन्हा टिपा. खरोखर १,५०० वॅट मिळत असतील तर पाणी सुमारे ४० अंशांनी चढतं. हिशेबानं ४३ येतात, दोन-चार अंश बादली आणि हवा घेते. १२ अंशच चढलं तर मशीन रॉडच्या १,५०० वॅटच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंही देत नाही, मग काट्यावर काहीही दिसो. थर्मामीटर घालताना रॉडचा टॉप आधी काढा. चालू रॉडच्या पाण्यात हात घालून माणसं गेलेली आहेत.

इंधनाच्या दाव्यांना मात्र बादली पुरत नाही, तिथे सामान कोणाचं आहे ते बघावं लागतं. १९९६ साली तमिळनाडूतल्या रामर पिल्लैनं झाडपाला पाण्यात उकळून पेट्रोल काढून दाखवलं आणि देशभर गाजला. मोठमोठे लोक समोर बसून बघत होते. गोम होती ढवळायच्या दांडीत. दांडी पोकळ, आत इंधन, टोकाला मेणाचं बूच, पाणी तापलं की मेण वितळायचं. पुढे हर्बल म्हणून विकलेला माल पेट्रोलियमच्याच पदार्थांचा निघाला आणि २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयानं त्याला तीन वर्षांची शिक्षा सुनावली. म्हणून भांडं, पाणी, चमचा, दांडी सगळं तुमचं हवं, आणि प्रयोग करणारा हातही शक्य तर तुमचा हवा.

भिंतीवरची प्रमाणपत्रं

गाळ्यात चार फ्रेम लावलेल्या होत्या. आयएसओ ९००१ म्हणजे कंपनीचं कामकाज ठरलेल्या रीतीनं चालतं याचा कागद, मशीन किती वीज देतं याच्याशी त्याचा संबंध नाही. उद्यम नोंदणी कोणीही घरबसल्या करतो. तिसऱ्या फ्रेममध्ये पेटंटच्या अर्जाचा क्रमांक होता. अर्ज केला की क्रमांक मिळतो, आणि साधारण १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्धही होतो, त्याला मंजुरी म्हणत नाहीत. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून स्थिती बघता येते, पाच मिनिटांचं काम आहे. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातलं कलम ३(अ) तर स्पष्टच सांगतं की प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरोधात दावा करणारी गोष्ट शोध धरली जाणार नाही.

चौथा कागद चाचणी अहवालाचा. तो हातात घेऊन वाचा. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेली प्रयोगशाळा आहे का, आणि मुख्य म्हणजे कशाची चाचणी झाली? आमच्या समोरचा अहवाल इन्सुलेशनचा होता. शॉक लागत नाही, एवढं त्याने सिद्ध केलं होतं. बेंगळुरूचं सीपीआरआय, वडोदऱ्याचं ईआरडीए, गाड्यांसाठी पुण्याचं एआरएआय अशा ठिकाणी आत-बाहेरची ऊर्जा मोजून मिळते. ज्याच्याकडे खरंच असं यंत्र आहे तो तिथली फी भरायला एक दिवसही थांबणार नाही.

बिल कमी करणारी डबी

याबद्दल मला सगळ्यात जास्त विचारणा होते, म्हणून थोडं सविस्तर. सॉकेटमध्ये लावायची, हिरवा दिवा पेटणारी, ३० टक्के बिल वाचवते म्हणणारी डबी. माझ्या मुलांनी वर्गात अशा पाच डब्या उघडल्या. पाचही डब्यांत एक छोटा कपॅसिटर, दोन-तीन रेझिस्टर, डायोड आणि एलईडी. बाकी पोकळ.

कपॅसिटरचा उपयोग खोटा नाही. कारखान्यात मोटरींमुळे पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतली किती खरोखर कामाला लागते ते प्रमाण) घसरतो, तिथे कपॅसिटर बँक बसवली की बिलात फरक पडतो, कारण मोठ्या ग्राहकांच्या बिलात तो धरलेला असतो. पण घरचं बिल निव्वळ केडब्ल्यूएच (किलोवॅट-तास) युनिटवर येतं. डबी लावल्यावर टाँग टेस्टरवर अँपिअर खरोखर कमी दिसतात, आणि विकणारा तेच दाखवतो. अँपिअर कमी झाले, वॅट होते तेवढेच राहिले, बिलही तेवढंच.

हे घरी बघता येतं. मीटरवर लाल दिवा लुकलुकत असतो आणि पाटीवर ३२०० इम्प/केडब्ल्यूएच किंवा असाच आकडा छापलेला असतो. म्हणजे एका युनिटला ३,२०० लुकलुकी. एक किलोवॅट चालू असेल तर मिनिटाला ५३. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा, आणि पाण्याची मोटर तेवढी चालू ठेवा. पाच मिनिटं लुकलुकी मोजा. डबी लावा, पुन्हा पाच मिनिटं. काढा, पुन्हा मोजा. व्होल्टेज वरखाली होतं म्हणून असं तीन वेळा आलटूनपालटून करा. एकाने मोजायचं, एकाने घड्याळ बघायचं. आमच्या शेजारच्या काकूंनी नातवाला घेऊन हे केलं आणि डबी दुकानात परत दिली.

आता याची दुसरी बाजू. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचे) पंखे पहिल्यांदा आले तेव्हा "अर्ध्याहून कमी विजेत तेवढाच वारा" ही जाहिरात मला शुद्ध थाप वाटली होती. त्याच फळीवरच्या मीटरला लावला. जुना पंखा ७४ वॅट, नवा ३१. तीन दिवस लावून ठेवला, तेवढेच. मी माझं मत बदललं आणि स्टाफरूमचे चारही पंखे बदलून घेतले. जुन्या पंख्यात जी वीज मोटर तापवण्यात जात होती ती इथे वाचते, तेव्हा फरक कुठून आला हे बोट ठेवून दाखवता येतं. हीट पंपाचं पाणी तापवायचं यंत्र तर एका युनिटला तीन युनिटांइतकी उष्णता देतं, आणि तेही खरं आहे. उरलेली दोन ते हवेतून ओढतं. त्याच्या मागे हात धरा, थंड हवा लागते. ती थंडी म्हणजे त्या दोन युनिटांची पावती. असं काही जास्तीचं देणारं यंत्र दिसलं की ही पावती मागायची: हे कुठून आलं, आणि जिथून आलं तिथे काय कमी झालं?

पैशाचं थोडक्यात. आगाऊ देऊ नका. "माझ्या शेतात, माझ्या पंपावर, माझ्या मीटरवर तीन दिवस चालवा, चौथ्या दिवशी पूर्ण रक्कम रोख देतो," असं दादाने त्यांना सांगितलं. त्यांनी कळवतो म्हटलं, कळवलं नाही. डीलरशिपच्या अनामतीला तर हातच लावू नका, तिथे तुम्हाला दुसऱ्यांचे पैसे गोळा करायला बसवतात आणि गावात तोंड दाखवायची चोरी होते. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका. पावती, व्हिडिओ, व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा. ऑनलाइन पाठवले असतील तर त्याच तासाला १९३० वर फोन करा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. स्वतःच्या वापरासाठी घेतलं असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

शेवटी, प्रामाणिक माणसाबद्दल. चुकीचा दावा करणारा प्रत्येक जण लबाड नसतो. २३ मार्च १९८९ ला अमेरिकेतल्या युटाहमध्ये फ्लाइशमन आणि पॉन्स या दोन नामांकित रसायनशास्त्रज्ञांनी काचेच्या भांड्यात, साध्या तापमानाला अणुसंमीलन (सूर्यात होतं तसं अणू जुळून ऊर्जा सुटणं) झाल्याचं जाहीर केलं. जगभरच्या प्रयोगशाळा कामाला लागल्या. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या गटांनीही त्याच वर्षी प्रयोग केले आणि न्यूट्रॉन व ट्रिटियम, म्हणजे संमीलनाच्या खुणा, आढळल्याचं नोंदवलं. पण सांगितलं तसं केलं की दर वेळी, दुसऱ्या कोणाच्याही हातून, ते घडेना. ती मंडळी कोणाकडून आगाऊ पैसे घेत नव्हती. बारीक मोजमाप फार अवघड असतं आणि आशा असली की आणखी अवघड होतं.

आमच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने भंगारातून ट्रेडमिलच्या दोन डीसी मोटरी आणल्या. एक मोटर, दुसरी जनरेटर. पहिलीला डिमर आणि ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) लावून वीज दिली, दुसरीवर हेडलाइटचे बल्ब. आत १२० वॅट, बाहेर १४०. तीन रात्री झोपला नव्हता. वही घेऊन माझ्याकडे आला तेव्हा हात थरथरत होते. मी हसले नाही, "असं होत नसतं" असंही म्हटलं नाही. आम्ही वर्कशॉपमध्ये बसलो. त्याचा टाँग टेस्टर स्वस्तातला होता. असा मीटर पूर्ण, गोल लाट येते असं गृहीत धरतो. डिमर लाट अर्ध्यात कापतो. कापलेल्या लाटेवर त्याचे व्होल्टही कमी दिसतात आणि अँपिअरही, आणि दोन्हींचा गुणाकार निम्म्यावर येऊ शकतो. फळीवरचा सब-मीटर मध्ये घातला आणि लुकलुकी मोजायला त्यालाच बसवलं. आत २४० वॅट जात होते.

त्याने वहीतला आकडा खोडला, शेजारी ५८ टक्के लिहिलं. थोडा वेळ त्या दोन मोटरींकडे बघत राहिला, मग म्हणाला, "मॅडम, मग उरलेले १०० वॅट कुठं गेले?"

मी त्याचा हात धरून पहिल्या मोटरीच्या अंगावर ठेवला. तापली होती. मग दुसरीवर, तीही. मग आम्ही कपलिंगचा आवाज ऐकायला खाली वाकलो.